गर्जेच्या इंग्रजीचा सौदा

गर्जेनं माझ्यावर कधीच राग धरला नाही, ही माझी त्याच्याविरुद्धची मोठी तक्रार आहे. त्यानं शिव्या दिल्या असत्या, गचांडी धरली असती, निदान रस्त्यात दिसल्यावर तोंड फिरवलं असतं, तर मीही चार शब्द सुनावले असते आणि विषय तिथंच संपला असता. माणूस ओरडला की आपल्यालाही ओरडता येतं. गर्जे ओरडलाच नाही. त्यामुळं इतकी वर्षं झाली तरी मी एकटाच ओरडतोय.

माझा धंदा भंगाराचा. श्रीरामपूरला रेल्वेलाईनच्या पलीकडं माझं आवार आहे. चौथीत शाळा सोडली, हातगाडीवर मोडकी भांडी गोळा करण्यापासून सुरुवात केली आणि एकाहत्तर सालापर्यंत साखर कारखान्यांची मोडीत काढलेली यंत्रं उचलण्यापर्यंत आलो. कुणाच्या ओळखीनं आलो नाही, कुणाच्या पाया पडून तर नाहीच. सौदा करणं ही एकच गोष्ट मला येते, पण ती चांगली येते. समोरचा 'आता शेवटचं सांगतो' म्हणाला की खरं बोलणं तिथून सुरू होतं, हे मला विसाव्या वर्षीच कळलं होतं. आणि सौदा पटला तरी उठायचं नाही, उठता उठता वर आणखी एक गोष्ट मागायची, ही माझी सवय. ती गोष्ट बहुतेक वेळा मिळते. देणारा तोपर्यंत दमलेला असतो.

प्रवरेच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यावर गर्जेची आणि माझी ओळख झाली. कारखान्याचं नाव लिहीत नाही. त्या भागात धुराडी पुष्कळ आहेत, त्यातलं कुठलंही समजा.

एकाहत्तरच्या पावसाळ्यात त्या कारखान्यानं जुने रोलर आणि बॉयलरच्या नळ्या विकायला काढल्या. टेंडरची नोटीस इंग्रजीत होती. दुसऱ्याकडून इंग्रजी वाचून घेण्यात धोका असतो. वाचणारा एखादी ओळ गिळतो आणि मग तीच ओळ आपल्याला गिळते. म्हणून ज्यानं ती लिहिली, त्याच्याकडंच मी गेलो. ऑफिसच्या टोकाला, टायपिस्टच्या पाठीमागं, खिडकी नसलेल्या खोलीत एक उंच किडकिडीत माणूस बसला होता. वय पंचविशीचं, पण खांदे चाळिशीतल्या माणसासारखे उतरलेले. शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. समोर बारदानाच्या तुकड्यात शिवून घेतलेलं विटेएवढं जाड पुस्तक. मला वाटलं पोथी असेल. ती डिक्शनरी होती, आणि ते बारदान त्याच्या आईनं दाभणानं शिवून दिलं होतं.

"वाचून दाखवायचं काय घेणार?" मी विचारलं.

"चहा," तो म्हणाला. "पण वाचून झाल्यावर. आधी घेतला तर वाटंल, चहासाठी वाचतोय."

त्यानं एक ओळ गिळली नाही. माल जसा आहे तसा आणि जिथं आहे तिथं, घेणाऱ्याची नंतर तक्रार चालणार नाही, असं एक कलम होतं. मी भडकलो. म्हटलं, हे कुणी घातलं?

"मीच."

"मग काढ की."

"काढता येत न्हाई, अण्णा. वाक्य बसलंय."

तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या लेखी वाक्य बसलं म्हणजे विषय संपला. पुढं मी पाहिलं, एखादं वाक्य बसत नसलं की तो टेबलाखाली उजव्या पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत राहायचा. टायपिस्ट वैतागून म्हणायचा, "ह्याच्या पायाखाली खड्डा पडंल एक दिवस." वाक्य बसलं की अंगठा थांबायचा, आणि गर्जे चहा मागवायचा. चहा बशीतून प्यायचा आणि कप बशीत पालथा घालून ठेवायचा. कुणी पुन्हा ओतू नये म्हणून.

त्याचं नाव एकनाथ. गाव पाथर्डीच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. तिकडची अर्धी माणसं दिवाळी झाली की बैलगाडी जुंपून ऊस तोडायला आमच्या पट्ट्यात येतात आणि उन्हाळ्यात माघारी जातात. त्याचे आईबापही त्यातलेच. आणि हा पुण्याला विद्यापीठात जाऊन इंग्रजी घेऊन एम.ए. झालेला, तेही सेकंड क्लासमध्ये.

मी त्याला सरळच विचारलं. "इंग्रजी कशाला घेतलंस? शेतकी घेतली असतीस तर आज ऑफिसर असतास."

"आमच्या शाळेत इंग्रजीला मास्तरच टिकायचे न्हाईत," तो म्हणाला. "सहा महिने जागा रिकामी. मी म्हटलं, ज्या मालाला माणूस मिळत न्हाई, तोच आपण भरावा."

शिकलेल्या माणसाच्या तोंडून धंद्याचं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं. मला तो त्या क्षणाला आवडला. पण त्याचं गणित एका जागी चुकलं होतं. माल त्यानं भरला, पण तो विकायला तोंड लागतं, आणि इंग्रजी बोलायला त्याचं तोंड उघडत नव्हतं. पुण्यात वर्गात एकदा त्याला कविता मोठ्यानं वाचायला उभं केलं. दुसऱ्या ओळीला पोरं हसली, चौथ्या ओळीला प्राध्यापकही हसले. नंतर त्यांनी त्याला बोलावून माफी मागितली, चहा पाजला. गर्जे म्हणायचा, "त्यांनी माफी मागितली तेव्हा मला कळलं, खरंच हसण्यासारखं हुतं." तेव्हापासून तो इंग्रजी डोळ्यानं वाचायचा, हातानं लिहायचा, पण तोंडानं एक शब्द काढायचा नाही. कॉलेजांच्या मुलाखतींना गेला, गप्प बसून परत आला. शेवटी कारखान्यात पत्रव्यवहाराचा कारकून म्हणून चिकटला. सहा वर्षं शिकून तो बापाच्या उसाच्या फडापासून फार तर दोनशे पावलांवर येऊन बसला होता.

त्याच दिवाळीनंतर परदेशातून एक साहेब नवीन यंत्र बसवायला आला. कारखान्याचे चेअरमन, सगळे त्यांना आबा म्हणत, धोतर, कोट आणि पायात पंपशू घालून फाटकात हजर. मी रोलर बघायला गेलेलो, म्हणून मला सगळं दिसलं. आबांनी गर्जेला पुढं ढकललं, "बोल." साहेब बोलला. गर्जेनं ऐकलं, खिशातून वही काढली, उत्तर लिहिलं आणि पान फाडून साहेबाच्या हातात दिलं. साहेबानं वाचलं, त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा बोलला. गर्जेनं दुसरं पान फाडलं. दोन दिवस असंच चाललं. साहेब तोंडानं, गर्जे कागदानं. यंत्राच्या पायाची मापं, बोल्ट, वाफेचा दाब, सगळं त्या चिठ्ठ्यांवर ठरलं, आणि एक माप चुकलं नाही. जाताना साहेबानं स्वतःच चिठ्ठी लिहिली. तुमचा आवाज केव्हा गेला, असं विचारलं होतं.

"मग काय लिहिलंस?" मी विचारलं.

"लिहिलं, पुण्यात."

ऑफिसभर महिनाभर हसणं चाललं. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी त्या चिठ्ठ्या गोळा करून फाईलला लावल्या आणि माझ्यादेखत मॅनेजरला म्हणाले, "ह्याला कुटं जाऊ द्यायचं न्हाई. दिल्लीची पत्रं, मशिनवाल्यांची पत्रं, सगळा कारखाना ह्याच्या एका हातात हाय." मला ते ऐकून बरं वाटलं होतं. मालाला भाव आला, असं वाटलं.

हंगामात त्याचे आईबाप यायचे. कारखान्याच्या मागं, चरीपलीकडं, उसाच्या पाचटाच्या खोप्यांची रांग लागायची, त्यात त्यांचीही खोप. सुट्टीच्या दिवशी गर्जे शर्ट खुंटीला लावायचा, बापाचं जुनं मुंडासं बांधायचा आणि फडात उतरायचा. बाप तोडायचा, आई उसाचा पाला काढायची, हा मोळ्या बांधून गाडीत भरायचा. दुसऱ्या दिवशी उसाच्या पात्यानं चिरलेल्या बोटांनी दिल्लीला पत्र लिहायचा. आबांना हे कळलं तेव्हा त्यांनी त्याला बोलावून घेतलं. "आरं, साहेब लोकांनी फडात जायचं नसतं. कारखान्याची अब्रू जाती." त्यावर गर्जे नेहमीचं वाक्य म्हणाला, "बघू, हंगाम संपू द्या." हे वाक्य तो सगळ्याला लावायचा. पगार वाढवून माग म्हटलं, लग्न कर म्हटलं, दुसरीकडं अर्ज कर म्हटलं, की, बघू, हंगाम संपू द्या. हंगाम संपायचा आणि दुसरा यायचा.

त्याची आई बोलायला फटकळ होती. एकदा मी खोपीपाशी उभा होतो, तेव्हा ती त्याला म्हणाली, "मोळी सैल बांधतूस रं. तुजं इंग्रजी तिकडं हाफिसात ठिव, हितं हात चालव."

"मामी, पोरगा एम.ए. हाय तुमचा," मी म्हटलं.

"व्हय तर. म्हनून तर मोळी सैल हाय."

याच खोपीमुळं पुढचं सगळं झालं. पाचटाच्या खोपीत कागद टिकत नाही. वाळवी लागते, पाऊस लागतो, एखादी ठिणगी पडली तर सगळं संपतं. गावाकडचं घरही तसंच, हंगामात कुलूप लावून बंद. तोडणीवाल्यांची म्हणून एक रीत होती. सातबारा, दागिना, असेल नसेल ते जपायचं मोठ्या माणसाच्या तिजोरीत ठेवायचं. नोकरी लागली तेव्हा गर्जेचा बाप स्वतः आबांकडं गेला आणि पोराची सगळी सर्टिफिकिटं, मॅट्रिकपासून एम.ए.पर्यंत, धोतराच्या फडक्यात बांधून त्यांच्या हवाली केली. "आबा, लेकराचं सोनं हाय. तुमच्या तिजोरीत ऱ्हाऊ द्या." आबांनी ठेवून घेतली. कुणी जबरदस्ती केली नाही. पावती कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही.

बाहत्तरचा पाऊस पडलाच नाही. पाथर्डीकडं प्यायला पाणी राहिलं नाही. त्या हंगामात उसाचे फडही अर्धे वाळलेले, तरी तोडणीवाले आले, कारण गावात खडी फोडण्याशिवाय काम नव्हतं. आणि त्याच हंगामात एका संध्याकाळी मी बैलगाड्यांच्या तळावरून येत होतो, तर फडाच्या बांधावर कुणीतरी मोठमोठ्यानं बोलत होतं. बघतो तर गर्जे. समोर उभा ऊस. हा हात वर करून इंग्रजीत बोलतोय, मध्येच थांबतोय, प्रश्न विचारल्यासारखा एका रांगेकडं बघतोय, पुन्हा बोलतोय. आवाज भरदार होता. मला एक अक्षर कळलं नाही, पण मी तिथं उभाच राहिलो. त्यानं मला पाहिलं आणि गळ्याजवळचं बटण चाचपलं.

"कुणाशी बोलतोस?"

"वर्गाशी," तो म्हणाला. "तीन महिने झाले. हे हसत न्हाईत."

जून महिन्यात नगरजवळच्या एका नव्या कॉलेजात इंग्रजीची जागा निघणार होती. त्यानं अर्ज केला होता, आणि आठवड्यापूर्वी बोलावणं आलं होतं. मे महिन्यात मुलाखत, येताना मूळ सर्टिफिकिटं आणावीत. त्यानं ते पत्र मला दाखवलं. घड्या घालून घालून त्याचे चार तुकडे व्हायला आले होते.

"मग आता?"

"आबांकडं मागितली. ते म्हनले, बघू, हंगाम संपू दे."

माझं डोकं फिरलं. त्याचंच वाक्य त्याच्यावर टाकलं होतं. मी म्हटलं, तू गप्प बस, हा सौदा माझा. आणि खरं सांगायचं तर त्याच्यासाठी जितकं बोललो तितकंच स्वतःसाठी बोललो. आबांशी मी दोन वर्षं सौदे करत होतो आणि प्रत्येक वेळी त्यांनी मला 'ए भंगारवाले' म्हणून हाक मारली होती.

माझ्या हातात हुकमाचा एक पत्ता होता. जुन्या रोलरचा शेवटचा ढीग मी अजून उचलला नव्हता. नवीन यंत्राची दुसरी खेप यायची होती आणि त्या ढिगामुळं जागा अडली होती. मेच्या पहिल्या आठवड्यात मी आबांच्या खोलीत जाऊन बसलो. गर्जेलाही बोलावून घेतलं.

"ढीग कधी उचलतो, भंगारवाले?"

"उचलतो की. चार दिवसांत अंगण मोकळं. पोराची कागदं तेवढी द्या."

"कुनाची?"

"गर्जेची. तुमच्या तिजोरीत हायेत."

"ती माज्याकडं त्याच्या बापानं ठिवायला दिलीत. मी काय खाल्ली का?"

"मग द्या की."

"न्हाई दिली तर?"

"तर रोलर हायेत तिथंच हायेत. पावसाळ्यानंतर बघू. हंगाम संपल्यावर कुणाला घाई असते?"

 आबांनी किल्ल्या काढल्या, तिजोरी उघडली आणि ते फडकं गर्जेच्या हातात दिलं. इतक्या लवकर देतील असं मला वाटलं नव्हतं. घासाघीस झालीच नव्हती. माझ्या हातातलं सगळं वापरायच्या आधीच समोरचा हो म्हणाला होता, आणि अशा वेळी मला राहवत नाही. मी उठता उठता थांबलो.

"अजून एक."

"आता काय?"

"त्याचा बाप म्हातारा झालाय. गावाकडं पाणी न्हाई. त्याला फाटकावर वॉचमन म्हणून घ्या, आणि कॉलनीत एक खोली द्या. पोरगं शिकवायला जाईल, म्हातारीला नळाचं पाणी मिळेल. तुमच्या कारखान्याला काय जड हाय?"

गर्जे झटकन म्हणाला, "अण्णा, तेवढं नको."

मी त्याला हातानं गप्प केलं. भिडस्त माणसं स्वतःचा सौदा बिघडवतात, हे मी हजारदा पाहिलंय.

आबा हसले. म्हणाले, "दिलं. गर्जे, हुकूम तूच लिव्ह. कर्मचाऱ्याच्या नातलगाला घ्यायचा आपला नियम हाय, त्याप्रमानं."

"नियमाप्रमाणं सगळं लिहू, आबा?"

"सगळं."

गर्जे लिहायला बसला. टेबलाखाली त्याचा अंगठा फरशी खरवडत होता. मला आठवतं, त्या दिवशी फार वेळ खरवडत होता. मग थांबला. टायपिस्टनं टाईप केलं, आबांनी सही ठोकली. तो इंग्रजी कागद माझ्यासमोर टेबलावर होता. मी तो उचलून उजेडात धरून शिक्का बघितला, मान हलवली आणि परत ठेवला. वाचता येत असल्यासारखा. बाहेर आल्यावर गर्जेच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "बघितलंस? एकाच्या जागी दोन आणले."

"व्हय, अण्णा," तो म्हणाला. "लई केलंत."

मुलाखतीच्या दिवशी सकाळी सहाच्या गाडीला मी स्टँडवर होतो. त्याला नगरपर्यंत सोबत करायची आणि येताना पेढे घेऊन यायचे, असं मनात होतं. गाडी लागली, भरली, सुटली. गर्जे आला नाही. मी तसाच कॉलनीत गेलो.

पत्र्याची एक खोली, पुढं ओटा, ओट्याला लागून नळ. त्याची आई नळाखाली हंडा लावून उभी होती. हंडा भरून वाहत होता, तरी ती नळ बंद करत नव्हती, नुसती बघत होती. बापाच्या अंगावर नवा खाकी डगला. गर्जे त्याच्या पुढ्यात उकिडवा बसून बटणं लावून देत होता. म्हाताऱ्यानं जन्मात बटणं लावली नव्हती.

"आरं, गाडी गेली!" मी ओरडलो.

बाप हसून म्हणाला, "जायाचं न्हाई म्हनतोय त्यो. कालेजाचं याड हुतं, पर आता हितंच बरं वाटतंय म्हनला. आपल्यापाशी."

गर्जे उठला आणि मला चरीपलीकडं घेऊन गेला. तिथं त्यानं खिशातून हुकमाची प्रत काढली आणि मला मराठीतून वाचून दाखवली, पहिल्या दिवशी टेंडर वाचलं होतं तशी, एक ओळ न गिळता. मुलगा कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला आहे तोपर्यंतच वडलांना काम आणि कुटुंबाला खोली. मुलानं नोकरी सोडली की त्याच दिवशी दोन्ही बंद.

 माझा आवाज भलताच फुटला. "हे तू लिहिलंस? स्वतःच्या हातानं? आणि मी शेजारी बसलेलो!"

"नियम तसाच हाय. मीच तयार केला हुता, मागल्या वर्षी."

"मग तिथंच का बोलला न्हाईस?"

"बोललो की. नको म्हनलो."

"एकदाच म्हणालास! ओरडायचं होतंस!"

"तुमी त्यांच्याकडनं दुसरी गोष्ट काढून घेतली हुती, अण्णा, खूश हुता. आणि कागद झाल्यावर वाटलं, घरी गेल्यावर बघू. घरी गेलो तर खोलीची किल्ली आधीच आली हुती, आई दाराची कडी लावून बघत हुती. लावायची, काढायची. आमच्या खोपीला दारच न्हाई." मग त्यानं हुकूम पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. "त्यांना वाचता येत न्हाई. तुमी सांगायचं न्हाई. सांगितलं तर बाप आजच डगला काढून ठेवंल."

"मग ठेवू दे की!"

"आणि जाईल कुटं? खडी फोडायला?"

मी तिथून तडक आबांकडं गेलो. टेबलावर हात आपटला. टेबलावरचा पेला खाली पडला. आबा शांत होते.

"कागदं मागितलीस, दिली का न्हाई?"

"दिली."

"बापाला नोकरी कुनी मागितली? मी का तू?"

मी खाली पडलेला पेला उचलून टेबलावर ठेवला.

"मी त्याला धरून ठिवलेला न्हाई. फाटक उघडं हाय. तू लई हुशार सौदा केलास, भंगारवाले. मला तर एवढं सुचलं नसतं."

मला आजही वाटतं, मी फक्त कागदं घेऊन उठलो असतो तर तो गेला असता. त्या जूनमध्ये गेला असता, वर्गात उभा राहिला असता, पोरं हसली असती किंवा नसती. त्याच्या इंग्रजीचा भाव त्या एका दिवशी ठरायचा होता, आणि तो मी ठरवला. ज्या माणसाला त्यातली एक ओळ वाचता येत नव्हती, त्यानं. पुढं कित्येकदा मनात आलं की जाऊन म्हाताऱ्याला सगळं सांगून टाकावं. दोनदा त्या खोलीपर्यंत गेलो. दोन्ही वेळा म्हातारीनं आग्रहानं बसवलं, नळाचं पाणी दिलं आणि म्हणाली, "तुमच्यामुळं झालं बगा हे सगळं." पाणी पिऊन परत आलो.

चार दिवसांत उचलतो म्हटलेला ढीग मी हट्टानं जूनच्या शेवटी उचलला. त्यानंतर त्या कारखान्याचं काम मी घेतलं नाही. ढीग उचलला त्या दिवशी ट्रक भरून फाटकाशी उभा होता, आणि जाण्याचा पास यायचा होता. सातचा भोंगा झाला. ऑफिसचे लोक आत शिरायला लागले. म्हातारा फाटकात खाकी डगला घालून उभा होता आणि येईल त्याला सलाम करत होता. कुणी सायकलवरून मान हलवायचं, कुणी तीही हलवायचं नाही.

गर्जे चालत आला. काखेत बारदानातलं ते पुस्तक. म्हाताऱ्याचा हात वर गेला. गर्जे थांबला. त्यानं बापाचं मनगट धरलं आणि हात खाली केला. 

"सोड रं," म्हातारा हळूच म्हणाला. "मागं आबांची जीप हाय."

जीप खरंच मागं उभी होती. गर्जेनं मनगट सोडलं. म्हाताऱ्यानं टाचा जुळवल्या आणि पुन्हा सलाम ठोकला, पहिल्यापेक्षा नीट, बोटं कपाळाला टेकवून. गर्जेनं बाकीचे साहेब हलवतात तशी मान हलवली आणि आत गेला.